तिसऱ्या प्रकारचा आकडा

पत्र:

आदरणीय डॉक्टर, स. न. वि. वि.
मी ५३ वर्षांची, बडोद्याला वाडी भागात राहते. बारा वर्षं घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. दिवाळीत चकली, शेव, करंज्या आणि एरवी पुरणपोळ्या, भाजणी. गेल्या दिवाळीनंतर उजवा खांदा धरला तो धरलाच. हात वर करताना मध्येच कळ येते, ब्लाउजचे मागचे हुक लावता येत नाहीत, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मशीनचा शेक दहा दिवस घेतला. मार्चमध्ये खांद्यात इंजेक्शन दिलं, दीड महिना छान गेला, मग पुन्हा तेच. आता एमआरआय काढला. त्यात "टाइप ३ अ‍ॅक्रोमियन, एसी सांध्याला हाड वाढलेलं, सुप्रास्पायनेटस टेंडन अंशतः फाटलेला" असं आलंय. सर्जन म्हणाले, "बेन, हाडकुं वधी गयुं छे." (हाड वाढलंय.) दुर्बिणीतून घासून टाकू, नाहीतर हा आकडा टेंडनला कापत राहील. पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे. यजमान म्हणतात, मेडिक्लेम आहे तर करून मोकळी हो. सासूबाई म्हणतात, तेल लावून चोळून घे. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, थांब. दिवाळीला चार महिने राहिलेत. करू की नको?
— वाडीतली एक वाचक

ताई,

"आकडा टेंडनला कापत राहील" हे वाक्य ऐकल्यापासून तुमची झोप खांद्यामुळे कमी आणि त्या वाक्यामुळे जास्त उडाली असणार. चकलीचा सोऱ्या दाबताना आता तुम्हाला आतमध्ये सुरी चालल्यासारखी वाटत असेल. म्हणून आधी त्या वाक्याचंच बघू, ऑपरेशनचं नंतर.

खांदा म्हणजे एका उथळ बशीत टेकलेला चेंडू. तो चेंडू बशीत धरून ठेवायला चार स्नायूंच्या चपट्या पट्ट्या, म्हणजे टेंडन, असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. सगळ्यात वरची पट्टी सुप्रास्पायनेटस, तुमच्या रिपोर्टातली. तिच्या डोक्यावर फऱ्याच्या हाडाचं एक टोक पुढे आलेलं असतं, त्याला अ‍ॅक्रोमियन म्हणतात. मराठी पुस्तकांत अंसकूट. आपल्या जुन्या वाड्यांच्या दारावर छज्जा असतो ना, तसं. छज्जा आणि चेंडू यांच्या मधल्या फटीत ती पट्टी आणि तिच्यावर तेलाच्या बारीक पिशवीसारखी एक गादी, बर्सा. हात बाजूने वर जाताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात ही फट सर्वांत अरुंद होते. तुम्ही लिहिलंय तशी "मध्येच" कळ येते ती इथेच. त्याच्या वर गेलं की पुन्हा बरं वाटतं.

आता हा "टाइप ३" आला कुठून? १९७२ साली न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स नीर यांनी मांडलं की छज्जाची पुढची-खालची कड टेंडनवर घासते, त्यातून दुखणं आणि पुढे फाटणं होतं. तेवढी कड काढून टाकावी. पुढे १९८६ मध्ये लुई बिग्लियानी आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांचे खांदे तपासून छज्जाचे तीन आकार सांगितले: सपाट, वाकडा आणि आकड्यासारखा. फाटलेले टेंडन आकड्यावाल्यांत जास्त सापडले. तिथून "टाइप ३" हा शब्द रिपोर्टांत घुसला आणि रुग्णांच्या डोक्यात बसला. एक वर्षाने, १९८७ मध्ये, हार्वर्ड एल्मन यांनी तेच काम दुर्बिणीतून करून दाखवलं. तीन छोटी भोकं, संध्याकाळी घरी. मग काय, सोपं झालं की वाढतंच. एकट्या इंग्लंडमध्ये २००० साली अशी अडीच हजारांच्या आसपास ऑपरेशनं झाली होती, २०१० मध्ये ती संख्या एकवीस हजारांवर गेली. माणसांची हाडं दहा वर्षांत आठपट वाकडी झाली नव्हती, ताई.

मी बाहेर उभा राहून बोलत नाही. निवृत्त होईपर्यंत मी हे ऑपरेशन केलं आहे, पुष्कळ केलं आहे, आणि मनापासून केलं आहे. भोकातून बघितलं की ती लालसर सुजलेली गादी दिसायची, खरबरीत कड दिसायची, बर, म्हणजे हाड घासायचं बारीक फिरतं अवजार, फिरवली की कड गुळगुळीत व्हायची. डोळ्यांना समाधान. रुग्णही सहा महिन्यांनी पेढे घेऊन यायचे. मला कधी प्रश्न पडला नाही की ते पेढे माझ्या बरचे, मधल्या सहा महिन्यांचे, की नंतर मन लावून केलेल्या व्यायामाचे.

तो प्रश्न दुसऱ्यांनी विचारला. ब्रिटनमध्ये ३२ रुग्णालयांतल्या ३१३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाचं हाड खरंच घासलं. दुसऱ्या गटात दुर्बीण आत घातली, बघितलं, धुतलं आणि बाहेर काढली. हाडाला हात लावला नाही. आपल्या वाट्याला काय आलं हे या दोन्ही गटांतल्या रुग्णांना ठाऊक नव्हतं. तिसऱ्या गटाला काहीच केलं नाही, फक्त पुन्हा तपासायला बोलावलं. हे सगळे बरेचसे तुमच्यासारखेच होते: तीन महिन्यांहून जास्त दुखणं, व्यायाम आणि किमान एक इंजेक्शन होऊन गेलेलं, टेंडन पूर्ण फाटलेला नाही. २०१८ मध्ये निकाल छापून आला. हाड घासलेले आणि न घासलेले यांच्यात फरक नाही. दोघेही काहीच न केलेल्यांपेक्षा किंचित बरे, पण रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवावा एवढा तो फरक नव्हता. त्याच वर्षी फिनलंडमधल्या २१० रुग्णांचा दोन वर्षांचा हिशेब आला; तोही तेच म्हणत होता. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने, ज्यात रुग्णही होते, स्पष्ट सल्ला दिला: नुसत्या या दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नये.

हे वाचून मी दोन दिवस चिडलेला होतो, हे कबूल करतो. मग माझ्या जुन्या फाइली काढून बसलो. "टाइप ३" लिहिलेल्या कित्येक एक्स-रेंवर आज मी "टाइप २" लिहिलं असतं. यात माझी एकट्याची चूक नाही. तीच फिल्म दोन जाणकारांना दाखवली तर आकाराबद्दल त्यांचं एकमत व्हायची खात्री नसते. एक्स-रेची नळी थोडी तिरकी झाली तरी सपाट छज्जा वाकडा दिसतो. शिवाय वय वाढतं तशी छज्जाच्या पुढच्या कडेला, जिथे एक अस्थिबंध ओढ धरून असतो तिथे, हाडाची चोच येते. म्हणजे चोच हे पुष्कळदा खांदा वापरल्याचं चिन्ह असतं, गुन्हेगार नव्हे. पन्नाशीनंतर ज्यांचा खांदा कधी दुखलाही नाही अशांचे एमआरआय काढले तरी टेंडन अंशतः फाटलेला आणि एसी सांध्याला वाढलेलं हाड बऱ्याच जणांत दिसतं. तुमच्या यजमानांचा काढून बघा. (नको, मेडिक्लेम आहे म्हणून तेही तारीख घेऊन येतील.)

माझे काही तरुण मित्र यावर म्हणतात, अहो, त्या अभ्यासात सगळ्याच प्रकारचे खांदे होते. खरोखर आकडा असलेले वेगळे काढले असते तर फायदा दिसला असता. असेलही. पण त्यासाठी आकडा खात्रीने ओळखता यायला हवा, आणि तो दुखण्याचं कारण आहे हेही ठरवता यायला हवं. आज दोन्हीत खोट आहे. आणि हाड घासल्याने पुढचं फाटणं थांबतं हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. तेव्हा "कापत राहील" हे वाक्य तुमच्या सर्जननी सद्भावनेनेच म्हटलं असेल, तरी त्यावर तारीख घ्यावी एवढं ते पक्कं नाही.

आता मला तुमच्या पत्रातलं जे खटकलं ते. हाडाच्या आकड्यापेक्षा मला ब्लाउजच्या हुकाची जास्त काळजी आहे.

तुम्हाला शुगर आहे. शुगर असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचा आजार, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, बराच जास्त आढळतो. त्यात सांध्याभोवतीची पिशवीच आकसते. पाठीमागे हात न जाणं, रात्रीची कळ, कुशीवर न झोपता येणं, ही सगळी त्याचीही लक्षणं. एमआरआयमध्ये हा आजार ठळक दिसेलच असं नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्याची नजर आकड्याकडे गेली की संपलंच. तो ओळखायचा हातानेच. आज रात्री जेवणं झाल्यावर एवढं करा. खुर्चीवर बसा, दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, हात समोर काटकोनात. यजमानांना सांगा, तुमची मनगटं धरून दोन्ही हात हळूहळू बाहेरच्या बाजूला उघडायचे, दार उघडतात तसे. तुम्ही स्वतः जोर लावायचा नाही, अंग सैल. डावा हात जेवढा उघडतो तेवढाच उजवाही, थोडं दुखलं तरी, उघडला तर खांदा आखडलेला नाही. उजवा मध्येच अडकला, पुढे जायलाच तयार नाही, तर तुमचा आजार वेगळा आहे. त्यात हाड घासून घेणं म्हणजे चकलीचं पीठ सैल झालं म्हणून सोऱ्याची ताटली बदलण्यासारखं. उलट आखडण्याच्या टप्प्यात ऑपरेशन केलं तर खांदा आणखी ताठरायची भीती असते. तो अडकला तर मला कळवा, त्याचं उत्तर वेगळं आहे आणि त्यात घाई आणखीनच कमी आहे.

तुमची शेवटची एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर, किती, हे पत्रात नाही. तेही बघा. साखर बेताल असेल तर ऑपरेशनची जखम चिघळायची शक्यता वाढते, आणि स्टिरॉइडच्या इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते. मार्चच्या इंजेक्शननंतर मोजली होती का? बहुतेक कोणी सांगितलंच नसेल. पण त्या इंजेक्शनने दीड महिना बरं वाटलं ही चांगली खूण आहे. दुखणं छज्जाखालच्या त्या गादीतून येतंय, मानेतून नव्हे, असा अंदाज त्यावरून बांधता येतो. बोटांपर्यंत मुंग्या, कोपराच्या खाली उतरणारी कळ, मान वळवली की वाढणारी, असं काही तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर मात्र आधी मान तपासून घ्या.

हाडाच्या काही गोष्टी अशा आहेत की ज्यांत ऑपरेशनला खरोखर अर्थ असतो, आणि "हाडाचं काहीच नसतं" असं म्हणून मी तुम्हाला उलट टोकाला ढकलणार नाही.

एक म्हणजे छज्जाचं न जुळलेलं हाड. लहानपणी अ‍ॅक्रोमियन तुकड्यातुकड्यांत असतं आणि पंचविशीपर्यंत ते तुकडे सांधतात. शंभरातल्या सात-आठ जणांत एक तुकडा सुटाच राहतो. त्याला ऑस अ‍ॅक्रोमियाले म्हणतात. बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. काहींत मात्र तो तुकडा हलतो, हात उचलताना खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू त्याला खाली ओढतो आणि तो टेंडनवर टेकतो. गंमत म्हणजे समोरून काढलेल्या नेहमीच्या एक्स-रेमध्ये तो नजरेतून सुटतो. काखेतून घेतलेल्या फिल्ममध्ये नीट दिसतो. आणि इथे नेहमीसारखं घासणं उलटतं. आधीच सुटा असलेला तुकडा पातळ केला की आणखी लुळा पडतो. लहान असेल तर काढून टाकतात, मोठा असेल तर कडा ताज्या करून स्क्रूने जोडतात. तुमच्या सर्जनना एवढंच विचारा: काखेतून फिल्म काढली का, आणि त्यात सुटा तुकडा नाही ना? चांगला सर्जन या प्रश्नाने रागावणार नाही.

दुसरं, एसी सांधा. छज्जा आणि गळ्याजवळून येणारं हाड जिथे मिळतात तो. तुमच्या रिपोर्टात तिथे हाड वाढलंय. बोट तिथेच, खांद्याच्या माथ्यावर, ठेवून दाबल्यावर नेमकं दुखतं का? उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवताना माथ्यावर कळ येते का? येत असेल तर तो सांधा स्वतः दुखतोय आणि त्याचा विचार वेगळा. व्यायाम-इंजेक्शनने महिनोन्महिने भागलं नाही तर गळ्याच्या हाडाचं टोक पाऊण ते एक सेंटिमीटर काढतात, आणि नेमक्या रुग्णात त्याचा उपयोग होतो. पण तिथे दुखतच नसेल तर फिल्ममधलं ते वाढलेलं हाड भिंतीवरच्या जुन्या डागासारखं सोडून द्या.

तिसरं, पडल्यावर दंडाच्या वरच्या उंचवट्याचं हाड मोडून चुकीच्या जागी जुळणं. असं काही झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. आणि चौथं, हाडाचं नसून टेंडनचं: पूर्ण फाटणं, विशेषतः पडल्यावर किंवा झटका बसल्यावर अचानक हात उचलताच न येणं. ते मात्र थांबायचं प्रकरण नव्हे, लवकर दाखवायचं. तुमचा अंशतः फाटलेला आहे, अचानक काही झालेलं नाही. तरी किती फाटलाय हे विचारा. जाडीच्या निम्म्याहून कमी असेल तर आधी व्यायामाचाच विचार. निम्म्याहून जास्त असेल तर काही सर्जन शिवायचा विचार करतात, पण तोही व्यायामाला पुरेसा वेळ देऊन मगच.

तुम्ही म्हणाल, मी तर उपचार घेतले, दहा दिवस शेक घेतला. ताई, मशीनचा शेक हा व्यायाम नव्हे. त्याने ऊब मिळते, थोडा वेळ बरं वाटतं. तुमच्या खांद्याला अजून खरा उपचार मिळालेलाच नाही. स्वीडनमध्ये याच ऑपरेशनच्या यादीत नाव लागलेल्या ९७ जणांना इंजेक्शन देऊन मग दोन गटांत विभागलं. एका गटाला रोटेटर कफ आणि फऱ्याच्या स्नायूंचे नेमके, हळूहळू वजन वाढवत नेलेले व्यायाम बारा आठवडे दिले. दुसऱ्या गटाला नुसते मान-खांदा हलवायचे साधे व्यायाम. तीन महिन्यांनी विचारलं, ऑपरेशन हवंय का? साध्या व्यायामवाल्या ४६ पैकी २९ जण हो म्हणाले. नेमक्या व्यायामवाल्या ५१ पैकी फक्त १०. हे २०१२ मध्ये छापून आलं. सगळ्यांचा फोटो तोच होता, हाड तसंच होतं. बदलली ती त्या चार पट्ट्यांची ताकद. त्या जोरात असल्या की हात उचलताना चेंडू वर सरकत नाही, फट मोकळी राहते. छज्जा खाली येत नसतो, चेंडू वर जातो. आणि चेंडू खाली धरून ठेवायचं काम कोणतीही बर करू शकत नाही.

आपल्या गावाला हे नवीन नाही. दांडिया बाजारात जुम्मादादांच्या आखाड्यात प्रो. माणिकरावांनी पिढ्यान्पिढ्या माणसांना व्यायाम शिकवला. सासूबाईंना सांगा, तुमचा मान ठेवते, तेल लावून हलक्या हाताने चोळून घेते. पण कोणाला खांद्याला झटका देऊन "बसवू" मात्र देऊ नका. इथे निसटलेलं काही नाही, बसवायचं काय?

व्यायाम असा. चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जा आणि आधीच सांगा की मला मशीन नको, व्यायाम शिकवा आणि दर पंधरा दिवसांनी वाढवून द्या. सयाजी रुग्णालयातही फिजिओथेरपी मिळते, हाडांच्या विभागात दुसरं मतही घेता येतं, कमी खर्चात. शिकवतील ते साधारण हे: काखेत गुंडाळलेला नॅपकिन धरून, कोपर काटकोनात, रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ओढणं आणि अगदी हळू, चार आकडे मोजत, परत आणणं. त्या परतण्यातच खरं काम आहे, झटकन सोडून देऊ नका. दोन्ही फरे मागे आणि खाली ओढून धरणं. भिंतीला हात लावून दंड. हात थोडा पुढे, तिरपा ठेवून वर उचलणं, आधी रिकामा, मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन. करताना दहापैकी चार-पाच एवढं दुखलं तर चालेल. सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर वजन कमी, व्यायाम बंद नाही. पहिले तीन आठवडे काहीच फरक वाटणार नाही, आणि नेमकं तेव्हाच लोक सोडतात.

आणि ओटा बघा. बडोद्यातल्या फ्लॅटमधले ओटे उंच, आपल्या बायका बेताच्या उंचीच्या. मोठ्या कढईत चकल्या तळताना तुमचं कोपर खांद्याच्या पातळीला जात असेल, तासन्‌तास, त्या अरुंद टप्प्यातच. पायाखाली एक रुंद, न हलणारा पाट घ्या. कोपर खाली आलं की अर्धी लढाई तिथेच संपते. बेसन-भाजणीचे डबे माळ्यावरून खाली. दाबाचा सोऱ्या ठेवून द्या, पितळी फिरकीचा घ्या. तो कोपर अंगाशी ठेवून चालतो. पीठ मळायला परात खाली जमिनीवर घेतलीत तर वजन खांद्याऐवजी अंगाचं पडतं. रात्री डाव्या कुशीवर, पुढ्यात उशी आणि तिच्यावर उजवा हात. हे वाचून यजमान हसतील. त्यांना आठवण करून द्या की दर उत्तरायणला दोन दिवस गच्चीवर हात वर करून पतंग उडवल्यावर वासी उत्तरायणच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या, संध्याकाळी त्यांचाही खांदा काय म्हणतो. मी दवाखाना चालवत होतो तेव्हा सोळा जानेवारीला रांग लागायची, आणि त्या रांगेतले बहुतेक सगळे महिन्याभरात आपोआप बरे व्हायचे. फिरकी धरणाऱ्यांना कधी काही झालेलं मी पाहिलं नाही, तेव्हा या वर्षी तुम्ही फिरकीच धरा.

तारखेचं. पुढच्या महिन्याची तारीख मी तुमच्या जागी असतो तर पुढे ढकलली असती. रद्द नव्हे, ढकलली. सर्जनना सांगा, बारा आठवडे व्यायाम करून दाखवायला येते. आणि दिवाळीसाठी म्हणून ऑपरेशनचा विचार असेल तर तो हिशेब मुळातच चुकतो. भूल आणि मानेशी दिलेलं नस बधिर करणारं इंजेक्शन, तासाभराचं काम, हात झोळीत काही दिवस, हे ठीक. पण हलकी कामं दोन ते सहा आठवड्यांनी, जड उचलणं तीन महिन्यांनी, आणि खांदा पूर्ण शांत व्हायला सहा महिनेसुद्धा. पुढच्या महिन्यात केलंत तर ऐन फराळाच्या हंगामात तुम्ही दहा किलोची परात उचलायच्या बेतात असणार, आणि तेव्हाच ते बिघडतं. यंदा ऑर्डरी निम्म्या घ्या, किंवा शेजारच्या कोणाला सोऱ्यावर बसवा. चकली काय, पुढच्या वर्षीही होईल.

बारा आठवडे खरोखर केल्यावर, शुगर आटोक्यात असताना, कळ तेवढीच राहिली आणि परत तपासून खांदा आखडलेला नाही, सुटा तुकडा नाही, टेंडन पूर्ण फाटलेला नाही हे ठरलं, तर दुसऱ्या इंजेक्शनचा विचार होतो. एवढं करूनही जगणं अवघड असेल तर शेवटी ऑपरेशन करणारे सर्जन आणि करून घेणारे रुग्ण असतात, आणि मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. फक्त ते करताना समजून करा की त्यातून बरं वाटायची जी शक्यता आहे तिचा मोठा हिस्सा हाड काढण्यात नसून नंतरच्या व्यायामात आणि काळात आहे. धोके थोडे आहेत पण आहेत: जंतुसंसर्ग, ताठरणं, भुलीचे, आणि क्वचित हाड जास्त घासलं गेलं तर छज्जाच मोडणं. ते मेडिक्लेममधून भरून मिळत नाहीत. इंजेक्शन घेतलं असेल तर लगेच पाठोपाठ ऑपरेशन नको, मध्ये किती अंतर ठेवायचं हेही विचारून घ्या.

मुलाला सांगा, "थांब" बरोबर आहे, पण नुसतं थांबून काही होत नाही.

दुसऱ्या मताला जाताना एमआरआयचा नुसता कागद नेऊ नका, सीडी आणि एक्स-रेच्या फिल्म न्या. आणि त्या दिवशी पुढे हुक असलेला ब्लाउज घाला, म्हणजे डॉक्टरांना दोन्ही फरे उघडे बघता येतील. घाईत साडीवरूनच खांदा चाचपून "टाइप ३" म्हणणारा भेटला तर उठून या.